कवडीला हाक

टप्.

नळाचा थेंब खालच्या घंगाळात पडला आणि घरातली शांतता मोडली. एवढा वेळ आपण श्वास धरून बसलो होतो, हे हेमांगीला तेव्हा कळलं.

समोर पाटावर जुई बसली होती. साडेपाच वर्षांची पोर, घावनाचा तुकडा तोंडाशी नेता नेता हात तसाच हवेत थांबलेला. डोळे उजवीकडे, फ्रिज आणि भिंत यांच्यातल्या फटीवर खिळलेले. ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते. माई, हेमांगीच्या सासूबाई, कालथा हातात धरून तव्यापाशी नुसत्या उभ्या होत्या. तव्यावरचं घावन करपायला लागलं तरी कुणी हललं नाही. अशा वेळी बोलून, हलवून, नाव घेऊन उपयोग नसतो, हे या घराला वर्षभरात चांगलं ठाऊक झालं होतं.

टप्. टप्.

"गेली," जुई म्हणाली आणि तिनं घावन तोंडात घातलं.

"कोण गेली गो बाये?" माईंनी माहीत असून विचारलं.

"कवडी. आज तिच्या पायाला वाळू होती."

"मग पाय धुवून ये म्हणावं. आताच लादी पुसलीय मी." माईंनी करपलेलं घावन बाजूला सारलं, नवं पीठ सोडलं आणि पहिलं नीट उतरलेलं घावन एका लहान बशीत काढून फ्रिजजवळ ठेवलं. कवडीसाठी. हे आता रोजचंच होतं.

हेमांगीला ते पाहवत नसे, पण बशी उचलायचंही तिच्या जिवावर येई.

डॉक्टरांच्या भाषेत कवडी म्हणजे झटक्याची चाहूल होती. जुईच्या मेंदूत डाव्या बाजूला, कानाच्या थोडं वर, वाटाण्याएवढी एक गाठ होती. जन्माच्या आधी पेशींची घडी नीट बसली नव्हती, त्यातून झालेली. ती गाठ मधूनच पेटून उठे, आणि तिचं पेटणं जुईला एका मुलीसारखं दिसे. तिच्याच वयाची, केस ओले, हसरी. उजवीकडून यायची, काही बोलायची नाही, फक्त हसायची. जुई म्हणायची, "ती आली की मला सगळं आवडतं."

सुरुवातीला कवडी येऊन नुसती उभी राहायची आणि जायची. हल्ली ती जाताना जुईला सोबत ओढून नेत होती. गेल्या महिन्यात जुई अंगणाच्या पायरीवरून तशीच खाली गेली, अंग ताठ, ओठ निळे. तीन औषधं बदलून झाली. आणि गाठ होती नेमकी शब्दांच्या जागेला चिकटून. चाकूनं काढायची तर सोबत काही शब्द जाणार. किती आणि कुठले, ते कुणी सांगू शकत नव्हतं.

म्हणून टोप, डोक्यावर घालून प्रकाशानं गाठ जाळायचं यंत्र.

हेमांगीनं शेजारच्या फिल्टरची तोटीही किंचित सैल केली. घंगाळात आता दोन ठिकाणी थेंब पडायला लागले.

"काय करतेस?" जुई उठून आली.

"बघ ना. दोघांची वर्तुळं निघाली. एकमेकांत शिरतायत की नाही?"

"भांडतायत."

"काही ठिकाणी भांडतात. हे इथं बघ. एकाचा उंचवटा आला तेव्हाच दुसऱ्याचा खड्डा आला. पाणी जागच्या जागी. आणि इथं? दोघांचे उंचवटे एकदमच आले."

"इथं उडी मारतंय!"

"हां. इथं दोघं मिळून उडी मारतात."

उद्या जुईच्या डोक्यात प्रकाशाला हेच करायचं होतं.

शाळेच्या पुस्तकात याला व्यतिकरण म्हणतात, आणि लाटा एकमेकींना साथ देतात तेव्हा विधायक व्यतिकरण. अटी दोनच, पण काटेकोर. पहिली अट अशी की लाटा एकाच तरंगलांबीच्या हव्यात आणि त्यांची पावलं एकमेकींशी कायम जुळलेली हवीत. दुसरी अशी की दोन वाटांनी आलेल्या लाटांनी कापलेल्या अंतरात जो फरक पडेल, तो पूर्ण तरंगलांब्यांचाच असायला हवा. एक, दोन, शंभर कितीही, पण पूर्ण. मग उंचवट्यावर उंचवटा येतो. फरक अर्ध्या लांबीचा पडला की उंचवटा खड्ड्यात जातो आणि उजेड अधिक उजेड बरोबर अंधार होतो. गंमत पुढेच आहे. शंभर किरणांच्या लाटा एका बिंदूवर अशा जुळल्या, तर लाटेची उंची शंभरपट होते, पण तिथला उजेड शंभरपट नाही, दहा हजारपट होतो. टोपातून असे शेकडो किरण निघत. लाल रंगाच्याही पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे, एकेकटे इतके दुबळे की तळहातावर घेतले तरी कळू नयेत. कवटीतून आणि मेंदूतून वाकडेतिकडे होत ते आत जात. कुठल्या किरणाला किती उशीर झाला ते मोजून यंत्र त्याला तेवढंच आधी किंवा नंतर सोडे. वाटेतल्या कशालाच काही होत नसे. फक्त त्या एका बिंदूवर सगळे एकदम उडी मारत, आणि तेवढाच बिंदू भाजून शांत होई.

ही वाटांची जुळणी ज्या पद्धतीनं होई ती बसवणाऱ्या चार माणसांत रत्नागिरीच्या हेमांगी भाटकरचं नाव होतं. त्याच कामासाठी तिनं गावातल्या नव्या रुग्णालयात नोकरी धरली. तेव्हा जुई पोटात होती.

घंगाळातलं पाणी थरथरत होतं. हेमांगीनं दोन्ही तोट्या बंद केल्या.

"जुई, उद्या टोप घातल्यावर कवडीला हाक मारशील?"

गाठ पेटलेली असली की तिच्याकडे रक्त धावतं आणि यंत्राला तिच्या कडा नेमक्या दिसतात. झोपलेली गाठ आजूबाजूसारखीच दिसते. आणि जुईला कवडीला बोलावता येतं, हे गुपित तिनं फक्त आईला सांगितलं होतं. गरम पेजेवर मारतात तशी भराभर फुंकर मारत राहायचं, मग कवडी यायची.

"कशाला?"

"डॉक्टर मावशीला तिला बघायचंय."

जुईनं विचार केला. "तिला आवडेल?"

"आवडेल की," हेमांगी म्हणाली आणि ओट्याकडे वळली.

*

सकाळी हेमांगी यंत्र तपासायला लवकर गेली. जुईला घेऊन माई मागून आल्या. सुहास, जुईचा बाबा, जहाजावर होता. कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून पडलेला, दर थोड्या वेळानं निरोप पाठवत होता आणि कुणीही उत्तर देत नव्हतं.

जुईचं डोकं आदल्या दिवशीच भादरलं होतं. रुग्णालयाच्या हिरव्या झग्यात ती एखाद्या लहानशा संन्याशासारखी दिसत होती. हेमांगीनं तिला उचललं, टाळूवर नाक टेकवून वास घेतला. जुईचा नेहमीचा वास. तिला बरं वाटलं. परिचारिकेनं ओल्या फडक्यानं डोकं पुसलं, प्रकाश नीट आत जावा म्हणून लगदा लावला, आणि टोप हळूच बसवून कपाळापाशी आणि हनुवटीखाली आवळला. टोपाच्या आतून गार पाणी खेळत असे, कातडी सांभाळायला. जुई शहारली.

"गार!"

"आइस्क्रीमची टोपी आहे," डॉ. नाझनीन काझी म्हणाल्या. "पण चाटायची नाही हां." मग हेमांगीकडे वळून, "चल, काचेपलीकडे."

"मी फक्त आकडे..."

"नातेवाइकानं यंत्रापाशी थांबायचं नाही. कुणी लिहिलाय हा नियम?"

"मीच."

"मग? तुझ्याच हाताखाली शिकलेय मी हे. विश्वास ठेव, नाहीतर फी परत माग." काझीबाई हसल्या, पण त्यांनी हेमांगीचा दंड घट्ट दाबला. "ऐक. एकदा सुरू केलं की अर्धवट सोडायचं नाही. अर्धी भाजलेली गाठ आधीपेक्षा जास्त चिडते, ते तुला माहीत आहे. तू फक्त तिच्याशी बोलत राहा. ती बोलतेय तोवर शब्दांची जागा शाबूत आहे."

काचेपलीकडच्या खोलीत माई आधीच बसल्या होत्या, पदर डोक्यावरून घेऊन. तिथला एसी असा सोडलेला की बोटं आखडावीत. समोर पडदा होता, यंत्रावर दिसतं तेच इथंही दिसे. मध्ये जुईच्या मेंदूचं राखाडी चित्र, त्यात गाठ, आणि गाठीला खेटून हिरव्या रेघेनं आखलेली शब्दांची जागा. कोपऱ्यात एकच आकडा, ज्याला सगळे मेळ म्हणत. शंभरातले किती किरण त्या बिंदूवर पावलं जुळवून पोचताहेत, तो आकडा.

हेमांगीनं माइक ओढला. "जुई, ऐकू येतंय?"

"येतंय. आई, माझं नाक खाजतंय."

काझीबाईंनी नाक खाजवून दिलं.

"आता बोलाव तिला."

जुईनं फुंकर मारायला सुरुवात केली. भराभर, गाल फुगवून. पेज असती तर केव्हाच निवली असती. मग फुंकर थांबली. तिचे डोळे उजवीकडे वळले आणि चेहऱ्यावर ते हसू आलं, जे दुसऱ्या कुणासाठी कधी येत नसे. पडद्यावर गाठ उजळली. यंत्रानं तिचा कोपरान् कोपरा टिपला, किरणांच्या वाटा मोजल्या, जुळवल्या. मेळ चढत चढत नव्वदीपार गेला.

"सापडली," काझीबाई म्हणाल्या.

माईंनी काचेतून पाहिलं. "आली गो ती," त्या पुटपुटल्या. "बघ कशी हसतेय पोर."

औषधाची मात्रा हाताशी होतीच, ती लगेच दिली, त्यामुळे झटका पुढे सरकला नाही. जुईनं डोळे मिचकावले. मग काझीबाईंनी प्रकाश सोडला.

काही दिसलं नाही, काही वाजलं नाही. फक्त पडद्यावर गाठीच्या मधोमध एक ठिपका केशरी झाला. हेमांगी काचेतून एकेक चित्र दाखवत होती आणि जुई नावं सांगत होती.

"हे?"

"छत्री."

"हे?"

"खेकडा. आई, हा माईंच्या कालवणातला आहे."

ठिपक्यामागून ठिपका. गाठीचा अर्धा भाग केशरी होत आला. आणि मेळ खाली सरकला.

नव्वद. अठ्ठ्याऐंशी. आकडा पडत गेला की यंत्र आपोआप प्रकाश वाढवून तूट भरून काढत असे. मोठी माणसं टोपात थोडी हलतात, म्हणून ती सोय हेमांगीनंच ठेवली होती.

"हलली का ती?" काझीबाईंचा आवाज आला.

"नाही." हेमांगी उठून पडद्याजवळ गेली. मूल हललं तर आकडा धपकन पडतो आणि परत येतो. टोपातला एखादा दिवा गेला तर एक खाच पडते. हे तसं नव्हतं. हे हळूहळू, एकसारखं उतरत होतं, टाळूपासून सुरू होऊन बाहेर पसरत, जशी वाटांच्या सुरुवातीलाच कुणी काच बदलत न्यावी. चौऱ्याऐंशी. जी लाट उंचवट्यावर यायची ती खड्ड्याकडे सरकत होती. आणि जुळणी मोडली की एवढा सगळा प्रकाश नाहीसा होत नाही. तो दुसरीकडे कुठंतरी जुळायला लागतो. पडद्यावर हिरव्या रेघेच्या पलीकडे, शब्दांच्या जागेत, एक फिकट केशरी डाग उमटला, इतका फिकट की नसल्यासारखा.

"हे?" तिनं माइकमध्ये विचारलं.

"ते... ते..." जुई अडखळली. "पाणी असतं ना त्यात. ते."

कळशी. जुईला कळशी माहीत होती.

"नाझनीन, बंद कर!"

"आत्ता बंद केलं तर..."

"बंद कर आधी!"

केशरी विझलं. काझीबाई काचेजवळ आल्या. त्यांचं हसू गेलं होतं.

"निम्मी झालीय गाठ. ती थंड व्हायच्या आत कारण सांग. टोप काढला तर मोजणी पहिल्यापासून, आणि तोवर सूज येईल. मग काही महिने हात लावता येणार नाही. आणि त्या काही महिन्यांत काय होईल ते..."

"मला माहीत आहे काय होईल ते."

समोर आकडे होते, पण हेमांगीला जुईच दिसत होती. म्हणूनच तो नियम लिहिला होता. लगदा? तो दर वेळचा. पाणी? गार, ठरल्याप्रमाणे. दिवे शाबूत. मग काय बदलतंय? टाळूपाशी काय बदलतंय?

मागे माई हुंदका आवरत पर्स चाचपत होत्या. रुमाल काढताना पर्समधून एक लहान बाटली पडली आणि घरंगळत हेमांगीच्या पायाशी आली. खोबरेलाची. प्रवासाला नेतात तसली. तिनं उचलली आणि तिरपी केली.

आतलं तेल हललं नाही. पांढरं, घट्ट, थिजलेलं.

थंडीत कोकणातल्या कुठल्याही घरात सकाळी दिसतं तसं. बाटली उन्हात ठेवावी लागते, नाहीतर तव्याच्या कडेला.

"माई," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "जुईच्या डोक्याला तेल लावलंत?"

माईंनी मान वर केली नाही. "टाळू भरली थोडी. घरातून कोरड्या डोक्यानं कशी नेऊ लेकराला? सुहासची मी शाळेत जाईपर्यंत भरत होते. पुसलं गो मी वरचं. तू ओरडशील म्हणून सांगितलं नाही."

आणि मी वास घेतला होता, हेमांगीच्या मनात आलं. नाक टेकवून. परिचारिकेनं घेतला असेल, काझीबाईंनीही. एकाच्याही मनात काही आलं नाही. या गावात लहान मुलाच्या डोक्याला दुसरा वास असतोच कुठं?

पुसूनही उरलेला तेलाचा पातळ थर. मोजणी झाली तेव्हा अंगाच्या उबेनं तो पातळ होता, आणि यंत्रानं त्यालाही वाटेत धरून हिशेब केला होता. मग टोपाचं गार पाणी खेळत राहिलं आणि तेल थिजत गेलं. पातळ तेलातून प्रकाश ज्या चालीनं जातो, त्या चालीनं थिजलेल्यातून जात नाही. तरंगलांबीच्या अर्ध्या-पाऊण भागाची चूक व्हायला केसाच्या जाडीचाही थर लागत नाही.

"पाणी गरम करा," ती माइकमध्ये म्हणाली. "टोपातलं. अंगाच्या उबेइतकं."

"कातडी?"

"एकेक किरण दुबळा आहे. थोडा वेळ चालेल. नाझनीन, तेल आहे. खोबरेल. थिजलंय ते. वितळलं की वाटा पुन्हा होत्या तशा होतील."

काझीबाईंच्याही घरी तसली बाटली होती. त्यांनी कळ फिरवली.

"गरम!" जुई खुशीत ओरडली. "आई, आता न्हाणीघरातली टोपी!"

यंत्र मंद प्रकाश सोडून मेळ चाचपत होतं. सत्तर. चौऱ्याहत्तर. माई हात जोडून बसल्या होत्या. कुणाला काय मागत होत्या कोण जाणे. ऐंशी. एकोणनव्वद. आणि तिथंच थांबला.

"पुरेल?" काझीबाईंनी विचारलं.

"आकडा पुरेल. पण बिंदू तोच आहे की शेजारचा, ते आकड्यावरून कळणार नाही. निम्मी गाठ भाजलीय, कडा हललेल्या असतील. ती..." हेमांगी थांबली. "ती उजळली तरच कळेल."

जुईला ते सांगायचं कुणी, हे दोघींना माहीत होतं.

नियमाला बाजूला सारून हेमांगी काचेच्या दारातून आत गेली आणि जुईच्या उशाशी गुडघ्यांवर बसली. टोपाखालून तेलाचा एक ओघळ कानामागे आला होता. तिनं तो बोटानं टिपला.

"जुई, कवडीला आणखी एकदा बोलाव."

"नको."

"एकदाच."

"ती नको म्हणतेय." जुईचे डोळे उजवीकडच्या रिकाम्या भिंतीकडे गेले. "ती लपलीय. तिला इथं नाही आवडत."

"थोडाच वेळ, बाळा."

"मग मी तिला काय सांगू?"

हेमांगीनं टोपाखाली झाकलेल्या त्या गुळगुळीत, तेलकट, तिच्या स्वतःच्या पोटातून आलेल्या डोक्याकडे पाहिलं. घरात फ्रिजजवळची बशी आठवली.

"सांग, घाबरू नको. आई आहे इथं."

मान डोलवता येत नव्हती म्हणून जुईनं पापण्या मिटल्या, उघडल्या. मग गाल फुगवून फुंकर मारायला लागली. भराभर. मध्येच थांबली. डोळे वळले. या वेळी हसू लगेच आलं नाही. आलं तेव्हा लहानसं होतं, कुणाची तरी समजूत घातल्यासारखं. तिचा उजवा हात गादीवरून थोडा उचलला गेला आणि बोटं हवेत कुणाच्या तरी बोटांत गुंतावीत तशी वाकली.

पडद्यावर उरलेली गाठ उजळली. केशरी बिंदू नेमका तिच्या पोटात होता.

"तिथंच आहे," हेमांगी म्हणाली. "सोड."

लाटेवर लाट आली. जुई बोलत नव्हती. काझीबाईंचा अंगठा बंद करायच्या कळीवर टेकलेला होता. "हेमांगी, ती गप्प आहे. शब्दांची जागा असेल तर?"

"कवडी आहे. ती असते तेव्हा जुई बोलत नाही. थांबू नकोस."

"खात्री?"

खात्री कुठं होती? पण हवेतली ती वाकलेली बोटं तिला दिसत होती.

"थांबू नकोस," ती पुन्हा म्हणाली.

केशरी पसरलं, कडेपर्यंत भरलं, हिरव्या रेघेच्या अलीकडे येऊन थांबलं. मग उजळलेली गाठ विझली. जुईची बोटं सरळ झाली आणि हात गादीवर पडला.

*

दुपार कलली तरी जुई बोलली नव्हती. जागी होती. पाणी पीत होती, माईंनी भरवलेला मऊ भात गिळत होती, बोट दाखवून उशी मागत होती. तोंडातून अक्षर नाही. काझीबाई दोनदा येऊन गेल्या. "सूज असते. वाट बघायची," एवढंच म्हणाल्या आणि थट्टा न करताच गेल्या.

माई कोपऱ्यातल्या खुर्चीत आपल्याच हातांकडे बघत होत्या.

"माझ्यामुळं झालं ना गो?" त्या एकदा म्हणाल्या.

सकाळपासून मनात जे साठलं होतं ते सगळं जिभेवर आलं होतं. तिनं माईंचा तो हात पाहिला. नखांत अजून पांढरं काहीतरी होतं. तिनं तो हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरला. तेल पातळ व्हायला लागलं.

"तुमची बाटली पडली म्हणून कळलं," ती म्हणाली. "वासानं मला कळायला हवं होतं. नाही कळलं."

माई रडल्या. आवाज न करता, खांदे हलवत. हेमांगीनं त्यांना रडू दिलं.

खिडकीतून बंदराकडचं ऊन आत येत होतं. जुई उजव्या कुशीवर वळून भिंतीकडे बघत होती. खूप वेळ. पलंग आणि भिंत यांच्यात वीतभर फट होती. तिनं हळूच गाल फुगवले आणि फुंकर मारली. मग पुन्हा. पुन्हा. थांबून वाट पाहिली. दम लागेतो फुंकत राहिली.

काही झालं नाही. डोळे वळले नाहीत, ओठ हलले नाहीत. नुसती दमलेली एक मुलगी होती आणि एक भिंत.

मग जुई या बाजूला वळली.

"आई."

शब्द स्वच्छ होता. माई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. हेमांगी पलंगाशी वाकली, तिला हसायचं होतं, रडायचं होतं, काझीबाईंना हाक मारायची होती. "काय गं माझी बाय? बोल. बोल ना."

"मी बोलावलं म्हणून कवडी आली ना?" एकेक शब्द जागच्या जागी, एकही हरवलेला नाही. "ती येत नव्हती. मग मी तिला सांगितलं, आई आहे इथं. मग आली."

"हो."

जुईनं आईच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"तिला लागलं का गं?"